पाळी जाताना हार्मोन्स घ्यावीत का? आईचं कात्रण, माझं जेल आणि थोडी आकडेमोड

रानजाई:

वर्षभर या विषयावर इतकं उलटसुलट वाचलंय की एकदा सगळं ओतून मोकळी होते. मी डॉक्टर नाही. आकड्यांची नोकरी करते, त्यामुळे टक्केवारी दिसली की 'कशाच्या एवढे टक्के?' हे आपोआप तोंडात येतं. त्या सवयीतूनच हा धागा.

वय ५०. अठ्ठेचाळिशीपासून पाळीचं तंत्र बिघडलं होतं. कधी एकवीस दिवसांनी, कधी अडीच महिन्यांनी, आणि आली की धो धो. ते निभावलं. निभावेना ते रात्रीचं. तीनला खाडकन जाग, छातीत धडधड, मग मानेमागून वाफ चढत कानापर्यंत आणि दोन मिनिटांत गाऊन चिंब. लगेच हुडहुडी. शेवटी उशाशी कोरडा गाऊन घडी करून ठेवायला लागले. दिवसा डोकं चालेना. एका मीटिंगमध्ये मला 'सरासरी' हा शब्द आठवला नाही. ज्या शब्दावर पंचवीस वर्षं पोट भरलं तो शब्द! सगळे माझ्याकडे बघतायत आणि मी हाताने हवेत आडवी रेघ काढतेय.

डॉक्टरांनी हार्मोन्सचं नाव काढलं आणि मी 'नाही' म्हणून उठले. कारण आई. ती पन्नाशीत असताना, २००२ साली, याच गोळ्या घेत होती. जुलैमध्ये बातमी आली की अमेरिकेतला मोठा अभ्यास मध्येच थांबवला, गोळ्यांनी स्तनाचा कर्करोग २६ टक्क्यांनी वाढतो. आईने त्याच दिवशी गोळ्या बंद केल्या. ते कात्रण अजून तिच्या फाइलमध्ये आहे, घडीवर फाटलेलं, '२६ टक्के'खाली पेनाच्या दोन रेघा. त्यानंतर दोन-तीन वर्षं ती फरशीवर झोपायची. 'कंबरेला बरं वाटतं' म्हणायची. मी सव्वीस-सत्तावीसची होते, मला वाटायचं आई चिडकी झालीय.

गाऊन बदलता बदलता एका रात्री मूळ अभ्यासच काढून वाचला. विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह. १६,६०८ बायका, वय ५० ते ७९, सरासरी ६३. म्हणजे बऱ्याच जणींची पाळी जाऊन दहा-बारा वर्षं होऊन गेलेली. औषध एकच: घोडीच्या मूत्रातून काढलेलं इस्ट्रोजेन आणि जोडीला प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनचं कृत्रिम रूप), गोळीतून. आणि ते २६ टक्के? गोळी न घेणाऱ्या दर दहा हजार जणींत वर्षाला ३० रुग्ण, घेणाऱ्यांत ३८. आठ जास्त. हजारी एक सुद्धा नाही. पक्षाघात आठ आणि फुप्फुसातल्या गुठळ्याही आठच जास्त, हृदयविकार सात जास्त. उलट खुब्याची हाडं मोडण्याचं प्रमाण पाचने आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग सहाने कमी. गर्भपिशवी काढलेल्या १०,७३९ जणींना नुसतं इस्ट्रोजेन दिलं होतं. तो भाग २००४ मध्ये पक्षाघातामुळे थांबवला, पण त्यात स्तनाचा कर्करोग वाढला नाही, पुढच्या पाहणीत तर कमीच निघाला. २०१७ मध्ये अठरा वर्षांचा हिशोब आला, एकूण मृत्यूंत फरक नाही.

कात्रणात यातलं एकही वाक्य नाही.

मी पुन्हा डॉक्टरांकडे गेले. आता एस्ट्रॅडिऑलचं (इस्ट्रोजेनचाच एक प्रकार) जेल रोज दंडाला, रात्री झोपताना प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी बघितलं तर उशाशी गाऊन तसाच, घडीसकट. तुमचे अनुभव सांगा. विरोधातलेही सांगा.

निवांत:

माझ्याकडे गाऊन नाही, टॉवेल होता. बाकी सगळं तेच. वाचते आहे.

टिंबटिंब:

याने वजन उतरतं आणि कातडी तरुण राहते म्हणे. खरं का?

रानजाई:

वजनाचं काही नाही हो. कातडीसाठी घेणार असाल तर नका घेऊ.

रोखठोक:

मी विरोधात. पाळी येणं निसर्ग, जाणंही निसर्ग. आपल्या आया-आज्यांनी गोळ्यांशिवाय काढलं ना सगळं? चार दिवस घाम येतो, जातो. औषध कंपन्यांनी आयुष्याच्या प्रत्येक वळणाला आजार ठरवलंय. आणि धोका हजारी एक असला तरी तो एक मी नसेन कशावरून?

रानजाई:

शेवटचा प्रश्न अगदी रास्त. बाकीच्याबद्दल एवढंच की आईने कसं काढलं ते मी बघितलंय. फरशीवर. आणि 'चार दिवस' म्हणू नका, अमेरिकेत वर्षानुवर्षं बायकांची नोंद ठेवली तेव्हा या वाफांचा मध्यांक ७.४ वर्षं निघाला. निम्म्या जणींना त्याहून जास्त.

प्राजक्त_डॉ:

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. रानजाई, आकडे बरोबर वाचलेस, पण निष्कर्षात जरा घाई झालीय. आधी तुझ्या बाजूचं बोलते, मग विरोधातलं.

'हार्मोन्स' म्हणून सगळ्यांची एक मोट बांधतात तिथेच घोळ सुरू होतो. कोणतं, कुठल्या मार्गाने आणि कधी सुरू केलं, या तिन्हीवर गणित बदलतं. घोडीचं इस्ट्रोजेन १९४२ पासून अमेरिकेत मिळतं. साठच्या दशकात ते चिरतारुण्याचं औषध म्हणून खपवलं गेलं. (टिंबटिंब, तुमचा प्रश्न तेव्हापासूनचा आहे!) १९७५ मध्ये लक्षात आलं की नुसत्या इस्ट्रोजेनने गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढतो. इस्ट्रोजेन अस्तर वाढवत राहतं, त्याला आवर घालायला प्रोजेस्टेरॉन लागतं. म्हणून पिशवी असेल तर दोन्ही द्यायची आणि काढली असेल तर बहुधा एकच. प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल चुकवणाऱ्या बायका मला दर महिन्याला भेटतात. 'जेलने बरं वाटतंय, ती कॅप्सूल कशाला?' तर त्यासाठी. ती झोपताना द्यायचं कारण म्हणजे तिने पेंग येते, आणि या वयात ती कुणाला नको असते! काही कंपन्यांच्या कॅप्सूलमध्ये शेंगदाण्याचं तेल असतं, ॲलर्जी असेल तर आधी सांगा.

आता मार्ग. गोळी पोटातून आधी यकृतात जाते, तिथे रक्त गोठवणारी प्रथिनं जास्त बनू लागतात. त्यामुळे शिरांमध्ये गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. पॅच किंवा जेल त्वचेतून थेट रक्तात जातं, नेहमीच्या मात्रेला तसा वाढीव धोका आढळलेला नाही. लठ्ठपणा किंवा ऑरावाली (आधी डोळ्यांपुढे चमचमतं तसली) अर्धशिशी असेल तर मी गोळीकडे जातच नाही.

वेळ: साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत सुरू केलं तर त्रास असलेल्या बहुतेक जणींना फायदा जास्त, तोटा कमी. त्यानंतर पारडं फिरतं. पासष्टीनंतर सुरू केलेल्यांत स्मृतिभ्रंश वाढलेला त्याच अभ्यासात दिसला. म्हणून 'हृदय चांगलं राहावं' किंवा 'विसरायला होऊ नये' म्हणून हे सुरू करत नाहीत. वाफा, झोप, कोरडेपणा यांसाठी करतात. हाडांना फायदा होतो, तोही खरा.

आता विरोधातलं. २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात जगभरातले अभ्यास एकत्र करून मांडलेत. पन्नाशीत सुरू करून पाच वर्षं रोज दोन्ही हार्मोन्स घेतली, तर वयाच्या ५० ते ६९ या काळात दर पन्नास जणींमागे एक जास्तीचा स्तनाचा कर्करोग. प्रोजेस्टिन रोज न घेता महिन्यातले काही दिवस घेतलं तर सत्तरांत एक, नुसत्या इस्ट्रोजेनला दोनशेंत एक. तू घेतेस त्या प्रकारच्या प्रोजेस्टेरॉनने हा धोका कमी दिसतो, पण तो निरीक्षणावरचा पुरावा आहे, चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडलेल्या चाचणीचा नाही. तेव्हा 'हजारी एक सुद्धा नाही' हे एका वर्षाचं झालं. वर्षं साठत जातात.

रानजाई:

डॉक्टर, हा डोस आवश्यक होता. वर्षाचा आकडा घेऊन मी बसले आणि मुदतीने गुणायचं विसरले. दुसऱ्या कुणी ऑफिसात असं केलं असतं तर मी सोलून काढलं असतं.

पन्नासात एक. आमच्या मजल्यावर साधारण पन्नास टेबलं आहेत. आज लंचनंतर जागेवर बसून मोजली. हा आकडा धरूनही मी पुढे चालू ठेवणार आहे, कारण उरलेल्या पारड्यात माझी झोप, डोकं आणि घरातलं वातावरण आहे. मॅमोग्राम वेळेवर, आणि दर वर्षी बसून पुन्हा हिशोब. रोखठोकताई तीच बेरीज करून नको म्हणाल्या तर त्यांचं चूक म्हणणार नाही.

अबोली७१:

माझ्यासारख्यांसाठी इथे काही आहे का? चार वर्षांपूर्वी स्तनाचा कर्करोग, हार्मोनवर वाढणारा. आता टॅमॉक्सिफेन चालू, म्हणजे हार्मोनला अडवणारी गोळी. वाफा आल्या की चष्म्याची काच आतून धुकट होते. हार्मोन्स मला वर्ज्य. अशा धाग्यांवर आलं की वाटतं मेजवानी दुसऱ्यांची चाललीय.

प्राजक्त_डॉ:

अबोलीताई, तुमच्यासाठी हार्मोनशिवायचे रस्ते आहेत. व्हेनलाफॅक्सीनसारखं नैराश्यावरचं औषध कमी मात्रेत वाफा कमी करतं. पॅरॉक्सेटिन मात्र टॅमॉक्सिफेनबरोबर नको. टॅमॉक्सिफेनचं कामाच्या रूपात रूपांतर करणारं यकृतातलं एन्झाइम ते अडवतं. कुणी लिहून दिलं असेल तर आधी कर्करोगाच्या डॉक्टरांना दाखवा, परस्पर बंदही करू नका. रात्रीचा त्रास जास्त असेल तर गॅबापेंटिन. सीबीटी नावाची समुपदेशनाची पद्धत आहे, तिने वाफांची संख्या फार घटत नाही पण त्यांचा छळ कमी होतो.

आणि नवीन म्हणजे मेंदूत तापमान सांभाळणाऱ्या केंद्रावर थेट काम करणारी औषधं. इस्ट्रोजेन घटलं की तिथल्या काही पेशी अतिउत्साही होतात, शरीराला जरासा उबारा आला तरी 'तापलं, तापलं' म्हणून घामाचं बटण दाबतात. फेझोलिनेटंट हे त्या पेशींचा निरोप अडवतं. २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, २०२४ च्या शेवटी यकृताबद्दल ठळक इशारा जोडला गेला, त्यामुळे रक्ततपासण्या लागतात. एलिन्झानेटंट हे त्याच जातीचं, आणि त्याची चाचणी तुमच्यासारख्या, हार्मोनविरोधी उपचार चालू असलेल्या बायकांवर झालीय. निकाल चांगला आहे. तुमच्या डॉक्टरांना नाव घेऊन विचारा.

अबोली७१:

पॅरॉक्सेटिन. घरात आहे. दुसऱ्या डॉक्टरांनी झोपेसाठी दिलेलं. उद्या फोन करते.

सोनसळी:

मी वय ३६. पाळी चौतिसाव्या वर्षी गेली. असलेच सगळे धोके वाचून घाबरून सहा महिने काहीच घेतलं नव्हतं. माझ्या डॉक्टरांनी एक वाक्य सांगितलं, 'तुझं वेगळं आहे, तुला जास्तीचं काही देत नाही, तुझ्या वयाच्या बाईकडे असतं तेवढं परत ठेवतोय.' चाळिशीच्या आत पाळी गेली तर निदान नैसर्गिक वयापर्यंत, म्हणजे साधारण ५१ पर्यंत, हार्मोन्स घ्यायची असतात. नाहीतर हाडं आणि हृदय लवकर म्हातारी होतात. माझ्या कण्याची घनता आधीच कमी निघाली. साठीच्या बायकांचे आकडे माझ्यासारखीने स्वतःला लावू नयेत एवढ्यासाठी लिहिलं.

प्राजक्त_डॉ:

+१. तुझ्या डॉक्टरांना माझा नमस्कार.

मुसाफिर:

बायकांच्या धाग्यात शिरतोय, माफी. बायको दंडाला जेल लावते. घरात दोन वर्षांची नात येते, सारखी तिच्या दंडाला लोंबकळते. काही होतं का?

प्राजक्त_डॉ:

विचारलंत ते फार बरं केलंत. होऊ शकतं. कातडीवरून कातडीवर जातं आणि लहान मुलांत परिणाम दिसलेत, पाळीव प्राण्यांतही. लावल्यावर पूर्ण वाळू द्यायचं, हात धुवायचे, वर बाही. नातीपुरतं दंडाऐवजी मांडीला लावता येतं का, हे त्यांच्या जेलच्या पत्रकात बघा.

रोखठोक:

एक विचारायचंय. विरोधात आहे तो आहेच, पण. माझी पाळी दोन वर्षांपूर्वी पूर्ण थांबली होती. गेल्या महिन्यात दोनदा थोडं अंगावरून गेलं. डाग पडण्याइतकंच. मी हार्मोन्स घेत नाही, म्हणजे ते औषधाचं तर नाही. मला वाटलं निसर्ग परत जागा झाला. हे चालतं का?

प्राजक्त_डॉ:

नाही, ताई. हे चालत नाही. पाळी जाऊन बारा महिने झाल्यावर एक थेंब दिसला तरी तपासायचं असतं, हार्मोन्स घेत असा वा नसा. अशा दहांतल्या नऊ जणींमध्ये कर्करोग निघत नाही, पण दहावी कोण हे घरी बसून कळत नाही. आतून सोनोग्राफी करून अस्तराची जाडी मोजतात. चार मिलिमीटर किंवा कमी असेल तर बहुधा निश्चिंत, जास्त असेल तर अस्तराचा तुकडा तपासायला घेतात. या आठवड्यात जा. इथे कळवा.

(हार्मोन्स नव्याने सुरू केलेल्यांसाठी: पहिले तीन ते सहा महिने अधूनमधून डाग पडणं नेहमीचं. त्यानंतर पडले, किंवा आधी थांबून पुन्हा सुरू झाले, तर तुम्हीही याच रांगेत.)

निवांत:

रोखठोक, आम्ही वाट बघतोय.

टिंबटिंब:

रक्त तपासून कळतं का मेनोपॉज आलाय ते? मी एफएसएच (अंडाशयाला चालना देणारं हार्मोन) केलं, वर आलं. पंधरा दिवसांनी केलं, खाली.

प्राजक्त_डॉ:

पंचेचाळिशीनंतर त्या तपासणीची गरज नसते, नेमकं तुम्हाला दिसलं त्याच कारणाने. लक्षणं सांगा, पुरे. आणि ऐका सगळ्याजणी, ही हार्मोन्स गर्भनिरोधक नाहीत. पन्नाशीच्या आत शेवटची पाळी आली असेल तर पुढे दोन वर्षं, पन्नाशीनंतर असेल तर एक वर्ष काळजी घ्यायची. दर वर्षी कुणीतरी मला 'हे कसं झालं?' विचारतं.

रोखठोक:

कळवते. जाडी अकरा निघाली. तुकडा घेतला. निकाल यायला नऊ दिवस लागले, ते कसे गेले ते लिहीत नाही. पॉलिप होता, म्हणजे अस्तरावरचा कोंब, साधा. दुर्बिणीतून काढला. डॉक्टरांनी 'उशीर का केला' विचारलं तर मी म्हणाले, नैसर्गिक वाटलं. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त पेन खाली ठेवलं. हार्मोन्सच्या विरोधातच आहे अजून. पण प्राजक्त, आभार.

अबोली७१:

माझंही औषध बदललं. चष्मा अजून धुकटतो, पण आता दिवसातून दोनदा. आधी मोजत नव्हते.

रानजाई:

दोघींचं वाचून बरं वाटलं. माझ्याकडूनही एक भर.

हा धागा आईला वाचून दाखवला. ती ७३ ची आहे. कात्रणाचा भाग आला तेव्हा म्हणाली, 'फाइल उघडायला तुला कोणी सांगितलं?' मग बराच वेळ गप्प. मग हळूच म्हणाली की गेल्या वर्षात चारदा लघवीचा जंतुसंसर्ग झाला, दर वेळी प्रतिजैविकं, आणि आत कोरड पडून बसताना सुद्धा टोचतं. हे मला माहीतच नव्हतं. एका घरात राहतो आम्ही.

अंगभर जाणारी हार्मोन्स या वयात नव्याने सुरू करायची नाहीत, हे प्राजक्तने वर लिहिलंच आहे. पण योनीत लावायचं कमी मात्रेचं इस्ट्रोजेन ही वेगळी गोष्ट. ते जिथल्या तिथे काम करतं, रक्तात नाममात्र उतरतं, जोडीला प्रोजेस्टेरॉन लागत नाही आणि ७३ व्या वर्षीही सुरू करता येतं. १९९३ सालची चाचणी आहे, वारंवार संसर्ग होणाऱ्या वयस्क बायकांची. औषध नसलेलं नुसतं मलम लावणाऱ्या बाईला वर्षाला सरासरी ५.९ वेळा संसर्ग, इस्ट्रोजेनचं मलम लावणारीला ०.५. असे आकडे मला नोकरीत दिले तर मी आधी टायपिंगची चूक शोधेन.

डॉक्टरांनी दिलं. आईने पाकिटातलं पत्रक उलगडलं आणि पुन्हा तेच: पक्षाघात, कर्करोग, स्मृतिभ्रंश, चौकटीत. गोळ्यांचा इशारा वर्षानुवर्षं या मलमावरही तसाच छापत आलेत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०२५ मध्ये या चौकटी काढायचं जाहीर केलं, हे मी तिला सांगितलं. तिने चष्मा वर करून विचारलं, 'म्हणजे तेवीस वर्षांनी?'

हो, तेवीस.

पहिले दोन आठवडे रोज होतं, आता आठवड्यातून दोनदा. कॅलेंडरवर ती बारीक टिंब करते, पूर्वी पाळीच्या तारखांना करायची तसंच, पेन्सिलीने, कोपऱ्यात. तीन महिन्यांत संसर्ग झालेला नाही. कात्रण फाइलमध्येच आहे. मी टाकू का विचारलं तर राहू दे म्हणाली.

निवांत:

काकूंना सांगा, माझ्या आईसाठी मलमाचं नाव हवंय.

रानजाई:

नाव इथे नको, तिच्या डॉक्टरांना 'योनीत लावायचं कमी मात्रेचं इस्ट्रोजेन' असं विचार. कर्करोग होऊन गेला असेल किंवा अंगावरून जात असेल तर ते आधी सांगायचं.